देठाचं काम

स्पॅनिशमधला ‘पेदुंकुलो’ हा शब्द मला आधी वनस्पतिशास्त्रात भेटला. फुलोरा ज्या दांड्यावर उभा असतो, तो दांडा. नंतर माशांविषयी वाचताना तो शेपटीच्या मुळाशी आला. मग समुद्रातल्या एका कवचधारी प्राण्याच्या मांसल खोडाला, मेंदूच्या आकृतीतल्या दोन जाड खांबांना आणि मोठ्या आतड्यातल्या गाठीच्या वर्णनालाही तोच शब्द लावलेला दिसला. या गोष्टींचं एकमेकींशी काही नातं नाही. फुलाचा दांडा आणि मेंदूतला मज्जातंतूंचा जुडगा एका वाटेने घडलेले नाहीत. तरी शरीररचना बघणाऱ्यांना सगळीकडे तोच आकार दिसला: एका टोकाला काहीतरी मोठं, दुसऱ्या टोकाला काहीतरी मोठं, आणि मधे दोघांना धरून ठेवणारा अरुंद दुवा.

तेव्हापासून माझी नजर त्या अरुंद दुव्याकडेच जाते. फूल, फळ, डोळा, अंडं, मेंदू, सगळ्यांची वर्णनं भरभरून लिहिली जातात आणि देठाला एक ओळ मिळते. माझं म्हणणं असं, की सजीवांच्या गोष्टीतल्या कितीतरी मोठ्या घडामोडी देठातच होतात. उचलून धरायचं काम त्याचं, वळवायचं त्याचं, पोसायचं त्याचं, आणि वेळ आली की सोडून द्यायचंही त्याचंच.

आधी नावांचं बघू. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ ‘छोटा पाय’, आणि स्पॅनिशमध्ये या पायाची मोठी भावकी आहे. फुलोऱ्याचा किंवा एकट्या फुलाचा मुख्य दांडा तो पेदुंकुलो. फुलोऱ्यातल्या एकेका फुलाचा बारीक देठ तो पेदिसेलो. पानाचा देठ तो पेसीओलो. मणक्याच्या कमानीला पुढच्या भागाशी जोडणारा हाडाचा आखूड खांब किंवा मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा म्हटला, की डॉक्टर पेदीकुलो म्हणतात. रोजच्या बोलण्यात मात्र फळाच्या देठाला राबीयो म्हणजे छोटी शेपटी म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे परिभाषेत वृंत, आणि त्यावरून सवृंत आणि अवृंत. बोलताना देठ, दांडा, डेख. ही वाटणी जाणकारांच्या फार उपयोगाची असते. युरोपातल्या ओकच्या दोन सख्ख्या जाती देठावरूनच ओळखतात. क्वेर्कस रोबरची फळं लांब देठावर लागतात आणि त्याच्या पानाला देठ जवळजवळ नसतो, क्वेर्कस पेट्रीआचं नेमकं उलटं. पानं आणि फळं हातात असली, की जात ओळखायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

नावं एवढी पुरेत. मला जास्त ओढ आहे ती देठ काय करतो याची.

पॉपीची कळी उमलण्याआधी मान खाली घालून असते. कळीचं वजन झेपत नाही म्हणून देठ वाकला असेल, असं बघणाऱ्याला वाटतं. पण पुढे तेच फूल मोठं होऊन आणि बोंड भरूनसुद्धा ताठ उभं राहतं. म्हणजे वाकणं हे देठाने स्वतः केलेलं असतं, एका बाजूच्या पेशी जास्त वाढवून. उमलायची वेळ आली की दुसरी बाजू वाढते आणि देठ सरळ होतो. जुन्या दगडी भिंतींवर वाढणारी सिम्बालारिया म्युरालिस ही नाजूक वेल याच्याही पुढे जाते. फूल असेतोवर तिचा देठ उजेडाकडे झुकतो, म्हणजे कीटकांना फूल दिसावं. फलन झालं की तोच देठ उजेडाकडे पाठ फिरवतो, लांबत जातो आणि तयार होणारं फळ भिंतीच्या अंधाऱ्या फटीत नेऊन ठेवतो. बी खाली पडलं असतं तर वाया गेलं असतं. फटीत ते रुजतं. उजेडाचा अर्थ एकाच देठाला दोन वेळी वेगवेगळा लागतो, आणि त्या दोन्हींच्या मधे फक्त फलन झालेलं असतं.

पाण्यात वाढणाऱ्या व्हॅलिसनेरियाचा देठ तर यंत्रासारखा चालतो. हिची मादीफुलं तळापासून लांबलचक बारीक देठावर पृष्ठभागापर्यंत येतात. नरफुलं खाली पाण्यातच सुटतात, वर तरंगत येतात आणि मादीफुलांना जाऊन टेकतात. परागण उरकलं की मादीफुलाचा लांब देठ मळसूत्रासारखा वेटोळं घालायला लागतो आणि फळाला ओढून पाण्याखाली नेतो. फळ तिथे सुरक्षित पिकतं. या जातीच्या नावातच ‘स्पायरॅलिस’ आहे, ते या वेटोळ्यामुळे. वनस्पती हालचाल करत नाहीत असं कुणी म्हटलं की मला पहिल्यांदा हा देठ आठवतो.

पण या सगळ्यांत मन रमतं ते भुईमुगापाशी. भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीलगत, पानाच्या बगलेत येतं. सकाळी उमलतं, आपलं आपणच परागण करून घेतं आणि लवकरच सुकतं. वरवर बघणाऱ्याला इथे गोष्ट संपल्यासारखी वाटते. खरी सुरुवात तिथून होते. फुलाच्या बुडाशी, बगलेत, बीजांडकोश असतो. त्याच्या खालच्या पेशी वाढायला लागतात आणि बीजांडकोशाला टोकावर घेऊन एक बारीक, टोकदार देठ बाहेर पडतो. शेतकरी म्हणतात, आऱ्या सुटल्या. ही आरी जमिनीकडे वळते, मातीला टेकते आणि आत शिरते. टोक कठीण असतं, त्यामुळे कोवळ्या बीजांडांना मातीचा घासा लागत नाही. काही सेंटिमीटर खोल गेल्यावर ती आडवी होते, आणि मग, अंधारात, टोकाला शेंग फुगायला लागते. उजेडात शेंग धरत नाही. झाडावर उंच लागलेल्या फुलांच्या आऱ्या कित्येकदा जमिनीपर्यंत पोचत नाहीत आणि वरच्या वर सुकून जातात.

एक आरी उपटून हातात धरली की तिचं दुहेरीपण कळतं. दिसते मुळासारखी, वागतेही मुळासारखी, पण ती फळाचा देठ असते. आणि कामही ती मुळाचं करते. वाढत्या शेंगेला लागणारं कॅल्शियम झाडाच्या मुळांकडून वर जाऊन पुन्हा खाली फारसं येत नाही. ते आऱ्या आणि शेंगा सभोवतालच्या मातीतून स्वतःच शोषतात. म्हणून आऱ्या सुटायच्या सुमाराला जिप्सम द्यायचं आणि झाडाच्या बुडाशी मातीची भर लावायची. कॅल्शियम कमी पडलं तर शेंगा पोचट राहतात. शेतीच्या शहाणपणातली ही दोन कामं सरळ देठासाठी केलेली आहेत.

काजूचं बोंडू हा देठाचा आणखी एक पराक्रम. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी, मूत्रपिंडाच्या आकाराची बी. त्याच्या वर जे रसरशीत, लाल किंवा पिवळं फळ दिसतं तो फुगलेला देठ. पूर्व आशियातल्या होव्हेनिया डल्सिस या झाडाचंही तसंच: फळं लहान आणि कोरडी, आणि त्यांना धरणारे वाकडेतिकडे देठ मात्र जाड होऊन मनुकांसारखे गोड होतात. प्राण्यांना बोलवायचं काम फळांनी केलं काय आणि देठांनी केलं काय, झाडाला बी दूर जाण्याशी मतलब.

मग सोडून देणं. पिकलं पान गळतं असं आपण म्हणतो, जणू पानच निघून गेलं. गळण्याची तयारी देठ करतो. देठाच्या बुडाशी लहान पेशींचा एक पातळ पट्टा असतो. पान तरुण असेतोवर त्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक सतत खाली वाहत राहतं आणि तो पट्टा शांत राहतो. पान म्हातारं झालं की हा ओघ आटतो, इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा प्रभाव वाढतो आणि पट्ट्यातल्या पेशी आपल्या मधलं सिमेंट विरघळवणारी विकरं सोडतात. झाडाच्या बाजूला संरक्षक थर धरतो. मग वाऱ्याची झुळूक पुरते. हिरवी फांदी मोडली आणि वाळली तर तिची वाळलेली पानं कितीतरी दिवस फांदीला तशीच लटकून राहतात, कारण सोडून देणं हे जिवंत पेशींचं काम आहे आणि त्या आधीच मेलेल्या असतात. टोमॅटोच्या देठाला मधेच एक गाठ दिसते, ती याच कामाची जागा. फळ तिथून तुटतं आणि हिरवा तुकडा फळाला राहतो. यंत्राने काढणी करताना हे तुकडे शेजारच्या फळांना टोचतात, म्हणून प्रक्रियेसाठी लावायच्या टोमॅटोत बिनगाठीच्या देठाचे वाण आणले गेले. एका गाठीच्या असण्यानसण्यावर पिकाची काढणी बदलली.

प्राण्यांकडे वळल्यावर देठाचे अर्थ फाकत जातात. माशाच्या शेपटीच्या पराआधी शरीर जिथे निमुळतं होतं, त्या भागाला स्पॅनिशमध्ये पेदुंकुलो काउदाल म्हणतात. पोहण्याचा जोर इथून पराकडे जातो. ट्यूनासारख्या अखंड लांब पल्ला मारणाऱ्या माशांत तो अतिशय अरुंद असतो. स्नायू पुढच्या अंगात आणि इथून जातात त्या मुख्यतः कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, शिवाय दोन्ही बाजूंना आडव्या कडा. दबा धरून झपकन झेप घेणाऱ्या माशांत तोच भाग उंच आणि जाड असतो. मत्स्यशास्त्रज्ञ त्याची उंची मोजतात, त्याच्याभोवतीचे खवले मोजतात आणि त्यावरून जाती वेगळ्या करतात. शेपटीचा देठ बघून मासा कसा जगतो याचा अंदाज बांधता येतो.

बार्नॅकल या समुद्रातल्या कवचधारी प्राण्याची कथा मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. हंस-बार्नॅकल म्हणून जे ओळखले जातात ते ओंडक्यांना, जहाजांच्या तळांना, खडकांना लवचीक, मांसल देठाने चिकटलेले असतात. देठाच्या टोकाला कवचाच्या पट्ट्या, आणि त्यांच्या फटीतून बाहेर येणारे पिसांसारखे पाय. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स याने लिहून ठेवलं, की एका जातीचे हंस यांतूनच जन्मतात. हे हंस उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात जाऊन घरटी करत, त्यामुळे त्यांची अंडी कुणी पाहिलेली नव्हती. आणि समुद्रातून वाहून आलेल्या लाकडावर मान लांबवलेल्या पिल्लांसारखं काहीतरी लोंबताना दिसत होतं. पुढे कितीतरी काळ विद्वान बार्नॅकलांना शिंपल्यांच्या जातकुळीत घालत राहिले. जॉन व्हॉन थॉम्पसन या सैन्यातल्या शल्यचिकित्सकाने त्यांची पोहणारी पिल्लं पाळून पाहिली आणि १८३० मध्ये दाखवून दिलं, की हे खेकडे-कोळंबीच्या गोतातले.

पिल्लू बसायला जागा शोधतं, तेव्हा डोक्यावरच्या शिंगिकांनी ती चाचपतं. पसंत पडली की तिथल्याच ग्रंथींतून डिंक सोडून डोकं कायमचं चिकटवून टाकतं. देठ म्हणजे त्या डोक्याचाच वाढलेला भाग. प्रौढ प्राणी जन्मभर डोक्यावर उभा राहून पायांनी पाण्यातलं अन्न गोळा करतो, आणि त्याचा अंडाशयही या देठातच असतो. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नॅकलांच्या अभ्यासात घातली. ज्याला लोक दांडी समजून कापून टाकतील त्यात डोकं आणि अंडाशय निघावेत, याचं मला अजून नवल वाटतं. स्पेनच्या गालिसिया किनाऱ्यावर लाटांचा मार खाणाऱ्या कड्यांवरून ‘पेर्सेबे’ काढतात ते हेच, आणि त्यांच्यातही खायचा भाग म्हणजे देठ.

देठ म्हणजे अंतर, हे क्रायसोपाच्या अंड्यांइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही. शेतकऱ्यांचा मित्रकीटक म्हणून हा हिरवट, जाळीदार पंखांचा किडा परिचित आहे. त्याच्या अळ्या मावा फस्त करतात. मादी अंडं घालताना पोटाचं टोक पानाला टेकवते आणि चिकट द्रवाचा एक थेंब तिथे सोडते. मग पोट सरळ वर उचलते. थेंब ताणला जाऊन त्याची तार होते, हवेत ती बघता बघता घट्ट होते, आणि तारेच्या टोकावर मादी अंडं ठेवते. पानावर असे केसासारखे देठ उभे राहतात, प्रत्येकाच्या टोकाला एक लांबट दाणा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बुरशी वाटते. पानावर फिरणाऱ्या मुंग्यांना वरचं अंडं सहज सापडत नाही. आणि क्रायसोपाच्या अळ्या इतक्या खादाड असतात, की आधी बाहेर आलेली अळी शेजारचं अंडंही सोडणार नाही. सख्ख्या भावंडांपासून वाचवायलाही हाच देठ उपयोगी पडतो. अळी बाहेर आली की त्याच तारेवरून खाली उतरते.

डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात व्हॉर्टिसेला असला, तर मी बाकी काही बघत नाही. एकपेशीय जीव, वर घंटेच्या आकाराचं शरीर, काठावर हलणारे केस, खाली लांब देठ. शांतपणे पाणी ढवळत उभा असतो. काचेला जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो आणि घंटा तळाला आपटते. मधली हालचाल डोळ्याला दिसतच नाही, कारण ती काही मिलिसेकंदांत उरकलेली असते. मग देठ सावकाश उलगडत जातो, घंटा परत वर येते, केस परत हलायला लागतात. आपल्या स्नायूंना आखडायला एटीपी हे ऊर्जा पुरवणारं रसायन लागतं, या देठाला ते लागत नाही. कॅल्शियमचे आयन आतल्या दोरीला चिकटतात आणि ती आकसते. अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने १६७६ च्या पत्रात हे घंटेचे प्राणी आणि त्यांच्या आखडणाऱ्या शेपट्या वर्णिल्या आहेत. त्याने पाहिलं तेच आज कुणालाही साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खेकडे-कोळंबींचे डोळे देठावर असतात, आणि त्या देठात नुसती नजर नसते. कात टाकणं रोखून धरणारं संप्रेरक तिथे तयार होतं, अंडाशयाची वाढ आवरणारंही तिथेच. कोळंबीच्या बीजकेंद्रांत मादी लवकर पिकावी म्हणून एका डोळ्याचा देठ कापण्याची पद्धत त्यामुळेच पडली. ती क्रूर आहे असं मला वाटतं, आणि तिच्याशिवाय काम भागवण्याचे प्रयत्न चालू आहेत हे चांगलं आहे.

सगळ्यांत जड जातं ते डिक्टिओस्टेलियमबद्दल लिहिणं. मातीत राहणारे, जिवाणू खाऊन जगणारे हे सुटे अमीबा. केनेथ रेपरने १९३५ मध्ये डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम या जातीचं वर्णन केलं. अन्न आहे तोवर प्रत्येक जण आपापला. अन्न संपलं की ते एक रासायनिक हाक देतात, हजारो अमीबा हाकेच्या दिशेने गोळा होतात आणि त्यांची एक सरपटणारी गोगलगायवजा रास बनते. योग्य जागी आल्यावर ती रास उभी राहते. सुमारे एक पंचमांश पेशी सेल्युलोजच्या नळीत शिरून फुगतात, कडक होतात आणि मरतात. त्यांचा देठ होतो. उरलेल्या पेशी त्यावरून वर चढतात आणि टोकाला बीजाणू होऊन बसतात, म्हणजे मुंगी-किड्याच्या अंगाला लागून अन्न असलेल्या जागी जातील. देठातल्या पेशींना संतती नाही. देठात न जाता बीजाणूंमध्ये जागा पटकावणारी काही उत्परिवर्तित वाणंही सापडली आहेत. त्यांतल्या काहींना एकटं वाढवलं तर देठ नीट उभाच राहत नाही आणि बीजाणूही थोडेच होतात. उपाशी पडण्याआधी ज्या पेशींना कमी खायला मिळालेलं असतं त्यांचा कल देठाकडे जास्त असतो, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आपल्या शरीरातही देठ आहेत. आपण प्रत्येक जण एका देठाने पोसलेला: दोन धमन्या, एक शीर, भोवती जेलीसारखा थर आणि त्याची लांबी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर. बेंबीच्या देठापासून ओरडतो म्हणताना आपण त्याचीच साक्ष काढतो.

मेंदूचे देठ त्याच्याही वर. मोठ्या मेंदूखाली, मध्यमेंदूच्या पुढच्या बाजूला दोन जाड खांब दिसतात. हात उचलायचा, बोट हलवायचं, बोलायचं, हे हुकूम मेंदूच्या बाहेरच्या थरातून याच खांबांतून खाली उतरतात. लहान मेंदूला देठांच्या तीन जोड्या: वरची मध्यमेंदूकडे, मधली त्याखालच्या पॉन्स या भागाकडे, खालची त्याहून खालच्या लंबमज्जेकडे. मधली सर्वांत जाड. लहान मेंदूकडे जाणारा आणि त्याच्याकडून निघणारा संदेश या सहा देठांतूनच जातो. इतकं महत्त्वाचं सामान इतक्या अरुंद वाटेने नेण्याची किंमत असते. हर्मन वेबरने १८६३ मध्ये वर्णिलेल्या अवस्थेत मध्यमेंदूच्या एका देठापाशी इजा होते, आणि त्या बाजूची पापणी पडते, डोळा बाहेर वळतो, तर हातपाय दुसऱ्या बाजूचे लुळे पडतात. डोळ्याची नस देठाजवळून आपल्याच बाजूला बाहेर पडते आणि हातापायांचे तंतू पुढे खाली जाऊन बाजू बदलतात, म्हणून हे असं उलटसुलट. एका लहानशा जागेतली इजा, आणि डॉक्टर पलंगाशी उभं राहून ती जागा सांगू शकतो.

झां लेर्मिट या फ्रेंच मज्जातज्ज्ञाने १९२२ मध्ये याच भागाच्या इजेशी जोडलेली दुसरी एक गोष्ट नोंदवली. त्याच्या वृद्ध रुग्णाला संध्याकाळ झाली की खोलीत प्राणी आणि माणसं दिसायची. अशा रुग्णांना बऱ्याचदा ठाऊक असतं, की समोर दिसतंय ते खरं नाही. तरी ते स्पष्ट, रंगीत आणि हलतं असतं. पुढे लुडो व्हान बोगार्टने या अवस्थेला देठाचंच नाव दिलं.

रोगाच्या भाषेत देठ कधी दिलासाही असतो. आतड्यातली गाठ देठावर लोंबती असेल तर दुर्बिणीतून तारेचा फास टाकून देठाशी ती कापून काढणं सोपं जातं. पसरट बसलेल्या गाठीला जास्त खटपट लागते. उलट देठाला पीळ पडला तर संकट. अंडाशय आपल्या देठावर फिरला, की आधी पातळ भिंतीच्या शिरा दबतात. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही, अवयव सुजतो आणि मग धमन्याही बंद पडतात. अचानक उठलेली तीव्र कळ तास मोजायला लावते.

आणि मग माणसाने स्वतः बनवलेला देठ. कापलेल्या नाकाच्या जागी त्वचा बसवायची तर ती पूर्ण तोडून चालत नाही, रक्त तुटतं आणि तुकडा मरतो. सुश्रुतसंहितेत गालाची त्वचा पानाच्या मापाने घेऊन नाकावर बसवायची रीत सांगितली आहे. पुढे कपाळाची त्वचा घेण्याची पद्धत रूढ झाली: तुकडा तीन बाजूंनी सोडवायचा, भुवयांमधल्या अरुंद पट्टीशी जोडलेला ठेवायचा आणि वळवून खाली आणायचा. त्या पट्टीतून रक्त येत राहतं. पुण्याजवळ झालेल्या अशा एका शस्त्रक्रियेची हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. रुग्ण इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

पहिल्या महायुद्धात चेहरे जळालेल्या आणि फाटलेल्या सैनिकांवर काम करताना हॅरोल्ड गिलिज या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं, की सोडवलेल्या पट्टीच्या कडा आपोआप आत वळतात. १९१७ मध्ये त्याने त्या कडा एकमेकींना शिवून पट्टीची नळी केली. उघडी मागची बाजू आत गेली, जंतुसंसर्ग घटला, रक्तपुरवठा टिकला. त्याच सुमारास ओडेसात व्लादिमीर फिलातोव्हही याच युक्तीपर्यंत पोचला होता. ही नळी टप्प्याटप्प्याने हलवता येई: पोटाची त्वचा आधी मनगटाला जोडायची, तिथे रक्त धरलं की पोटाचं टोक सोडवायचं, आणि मग मनगट चेहऱ्याशी बांधून ठेवायचं. रुग्ण आठवडेच्या आठवडे तसे पडून राहत. प्रतिजैविकं नव्हती त्या काळात हजारो चेहरे या देठांवर उभे राहिले.

सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याचं तंत्र आल्यावर त्वचेचा तुकडा पूर्ण सुटा करून दुसरीकडे नेता येऊ लागला आणि नळीचा वापर मागे पडला. नाकासाठी मात्र कपाळाची त्वचा देठासकट वळवण्याची रीत आजही चालू आहे, कारण तिचा रंग आणि पोत नाकाला जुळतो. साधारण तीन आठवडे तो देठ भुवईपासून नाकापर्यंत चेहऱ्यावर तसाच राहतो. रुग्णाला तेवढे दिवस नेहमीसारखा चष्मा लावता येत नाही, आणि बाहेर पडायचं तर लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. नव्या जागेतून रक्तपुरवठा पुरेसा झाला असं दिसलं की दुसऱ्या शस्त्रक्रियेत देठ कापतात आणि त्याचा उरलेला भाग भुवईच्या बाजूला परत बसवून टाकतात.